काका रोज संध्याकाळी ड्युटीला निघतात: अल्झायमर असलेल्या एका घराचं प्रकरण

ही केस एका घराची आहे. लिहायला घरच्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी डिमेन्शिया (स्मृती आणि समज ढासळत जाणं, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असलेल्यांच्या घरच्या मंडळींसोबत काम करते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. ही केस निवडली कारण या घरात दोनदा मोठी गडबड झाली आणि दोन्ही वेळा चूक तीच होती. समोर जे काही दिसत होतं ते एका तयार खात्यावर टाकून मोकळे झाले सगळे, पहिल्यांदा वयाच्या खात्यावर आणि दुसऱ्यांदा आजाराच्या.

पार्श्वभूमी

काका तेव्हा ७२ वर्षांचे. एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्सला, त्यातली बरीच वर्षं रात्रपाळी. रिटायर होऊन १२ वर्षं झालेली. घरात काकू (६७), मुलगा, सून आणि नातू, मुलगी दुसऱ्या शहरात. काकांचा स्वभाव एकदम शिस्तीचा, भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ मारलेली आणि तो पाना त्याच रेघेत लटकलेला, कुणी हलवला तर लगेच कळणार. ब्लड प्रेशरची गोळी चालू होती, आणि मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ऐकू कमी यायचं. कानाचं मशीन घेतलेलं होतं पण ते कपाटात, कारण "खरखर होते".

पहिली खूण नक्की कधी दिसली हे आता कुणालाच सांगता येत नाही, पण काकूंना एक प्रसंग लख्ख आठवतो. नळ गळत होता, साधा वायसर बदलायचा होता. काकांनी सगळी हत्यारं ओळीने मांडली आणि मग तिथेच बसून राहिले, अर्धा तास. काकूंनी विचारलं तर चिडले. नळ शेवटी प्लंबरने केला आणि विषय संपला. त्यानंतर लाइट बिल दोनदा भरलं गेलं, एकच प्रश्न तासाभरात चार वेळा यायला लागला, ओळखीच्या माणसाचं नाव अडायला लागलं. घरात सगळे म्हणायचे वय झालं आता, आणि ऐकू पण येत नाही नीट.

खरं तर वयाने होणारा विसर आणि हे, यात फरक आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं कुणालाही होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर मोठमोठे पंप उघडून परत जोडले त्याला नळ उघडताना आधी काय आणि नंतर काय हेच लागत नाहीये, हा विसर नाही, कामाची साखळी तुटतेय. आणि अशा माणसाच्या बाबतीत स्मरणशक्तीच्या तक्रारीपेक्षा त्याच्या हातचं काम बघितलेलं बरं, ते लवकर बोलतं.

अडचण उघडी पडली ती काकू आजारी पडल्यावर

जवळजवळ दोन वर्षं हे असंच चाललं आणि मुलाला काही कळलं नाही, त्याच घरात राहून. कारण काकू सगळं झाकत होत्या. मुद्दाम लपवायचं असं नाही हो, आपोआप. पाहुणे आले की "अहो, हे बघा कोण आलंय, तुमच्या ऑफिसातले अमुक" असं नावासकट बोलायचं, बँकेचा फॉर्म स्वतः भरून फक्त सहीला पुढे करायचा, कपडे घालायच्या क्रमाने पलंगावर काढून ठेवायचे. मग पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी काकू चार दिवस हॉस्पिटलात गेल्या आणि पहिल्याच दिवशी काका तीन वेळा विचारत आले, ही कुठे गेली. दुसऱ्या दिवशी बीपीची गोळी दोनदा घेतली. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या रस्त्याने फिरायला गेले ते अडीच तासांनी एका अनोळखी माणसाने आणून सोडले.

मुलगा मला नंतर म्हणाला, "चार दिवसांत बाबांचं डोकं एवढं कसं गेलं?" तर चार दिवसांत गेलं नव्हतं. आधार काढल्यावर भिंत किती कललीय ते दिसलं, एवढंच.

मी आता कुठल्याही घरी पहिला प्रश्न हाच विचारते, की जोडीदार चार दिवस नसला तर काय होईल?

तपासण्या आणि निदान

पर्याय दोन होते. नेहमीच्या डॉक्टरांचं म्हणणं की आईच्या ऑपरेशनचं टेन्शन घेतलंय, दोन महिने थांबा. मुलगी म्हणत होती थांबायचं नाही, न्यूरोलॉजिस्टकडे जायचं. तिचं ऐकलं ते बरं झालं, कारण स्मृती जायची कारणं अनेक असतात आणि त्यातली काही चक्क बरी होतात. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, चालू असलेली औषधं, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त. म्हणून रक्ततपासणी आणि एमआरआय आधी.

स्मृती आणि समज तपासायची मोका नावाची एक चाचणी असते, ३० मार्कांची, २६ च्या खाली आले तर शंका घ्यायची. काकांना पहिल्या वेळी १४ मिळाले. पण सुनेच्या लक्षात आलं की त्यांना अर्धे प्रश्न ऐकूच आले नव्हते. कानाचं मशीन घालून काही दिवसांनी परत केली तर १७. निदान बदललं नाही, तरी तीन मार्क कानाचे होते, मेंदूचे नव्हते. (लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी पण टाळता येण्यासारखी जी १४ कारणं दिलीत त्यात ऐकू कमी येणं आहे. कपाटातलं मशीन बाहेर काढा, एवढंच म्हणते.) घड्याळ काढायला सांगितलं तर काकांनी गोल सुंदर काढला, आकडे सगळे एका बाजूला कोंबले.

एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलेला. नवीन आठवण आधी तिथे नोंदली जाते, आणि अल्झायमर बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो, म्हणून सकाळचं संध्याकाळी आठवत नाही पण चाळीस वर्षांपूर्वीच्या फोरमनचं नाव पटकन येतं. निदान झालं अल्झायमरचं, आणि पायरी सौम्य ओलांडून मध्यमकडे चाललेली. अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साचायला लागतं, म्हणजे काका रिटायर व्हायच्या बरंच आधी, नोकरीत असतानाच आत काम सुरू झालेलं असणार.

डोनेपेझिल नावाचं औषध सुरू झालं. हे आजार थांबवत नाही, काही काळ लक्षणं थोडी सावरतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नाडी मंद होऊ शकते म्हणून आधी ईसीजी काढला. रात्री घेतल्यावर काकांना भलतीच स्वप्नं पडायला लागली, ओरडत उठायचे, म्हणून गोळी सकाळी केली. मुलाने लेकानेमॅब या नव्या औषधाबद्दल वाचलं होतं, ज्याला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, आणि तो त्यासाठी काहीही करायला तयार होता. पण ते सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, आणि त्याने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव व्हायचा धोका असतो. काकांच्या एमआरआयमध्ये जुन्या बारीक रक्तस्रावांचे बरेच ठिपके होते. डॉक्टर नाही म्हणाले. मुलाला हे स्वीकारायला कितीतरी महिने गेले.

काकांना सांगायचं की नाही

इथे घर दुभंगलं. काकू आणि मुलगा म्हणत होते नको, खचतील. मुलगी म्हणाली, बाबांचं आहे, बाबांना कळायला हवं. मी मुलीच्या बाजूची होते पण तसं बोलले नाही, कारण आम्ही बाहेरची माणसं बोलून निघून जातो आणि रात्री दोन वाजता उत्तर काकूंना द्यावं लागतं. शेवटी डॉक्टरांनी काकांनाच विचारलं, तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय? काका म्हणाले, "मशीन दुरुस्त होणार की स्क्रॅपला जाणार तेवढं सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं की दुरुस्त होणार नाही, पण लगेच बंदही पडणार नाही. काका दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी स्वतः मुलाला बसवून बँकेचे, घराचे, विम्याचे कागद दाखवले, सह्या केल्या, आणि पुढे काहीच कळेनासं झालं तर नळ्या घालून पाडून ठेवू नका हेही सांगितलं. मुलीने ते लिहून घेतलं. हे करायला वेळ थोडाच असतो, माणसाला समजतंय तोवरच त्याच्या सहीला आणि शब्दाला अर्थ. न सांगण्याचा निर्णय झाला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

ड्युटी

निदानानंतर वर्षभराने हे सुरू झालं. संध्याकाळी साडेपाच-सहा वाजले की काका अस्वस्थ, मग शर्ट बदलणार, जुनी पिशवी घेणार आणि दाराकडे. "गाडी चुकेल." घरचे सांगायचे तुम्ही रिटायर झालात, १३ वर्षं झाली. काका म्हणायचे मूर्ख समजता का मला. मुलाने एकदा रिटायरमेंटच्या निरोप समारंभाचा फोटोच दाखवला, तर काका म्हणाले, हा माणूस कोण? आणि मग रडले. पिशवी सापडली नाही की काकूंवर आळ, तूच लपवलीस, माझी हत्यारं विकतेस तू. इतक्या वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं ते काकू रोज ऐकत होत्या.

संशय हा या आजाराचा जुना सोबती आहे. डॉ. अल्झायमरांनी १९०६ मध्ये ज्या बाईची केस मांडली, ती १९०१ मध्ये दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती, आणि तिचं पहिलं लक्षण विसरणं नव्हतं, नवऱ्यावरचा संशय होता. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा जरा सैल झाल्या. वस्तू ठेवल्याची नोंदच मेंदूत नाही, मग ती गेली कुठे? कुणीतरी घेतली, याशिवाय काका दुसरं काय ठरवणार.

ड्युटीवर उपाय काय काय समोर होते? दाराला बाहेरून कडी, हा मुलाचा. झोपेची गोळी, हा शेजाऱ्यांचा. समजावत राहणं, जे चालू होतं आणि रोज हरत होतं. आणि चौथा सुनेचा. ती एका संध्याकाळी सहज म्हणाली, "बाबा, आज तुमचा वीकली ऑफ आहे ना?" काका थांबले. "आज कोणता वार?" तिने वार सांगितला. काका बसले, पिशवी मांडीवर ठेवून.

मुलाला हे अजिबात पटलं नाही. तो म्हणाला, मी बाबांशी आयुष्यात खोटं बोललो नाही आणि आता रोज बोलायचं? त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मला स्वतःला ऊठसूट थापा मारणं आवडत नाही, एकदा सवय लागली की घरचे सोयीसाठी सुद्धा मारायला लागतात. पण काका विचारत होते ते तारखेबद्दल नव्हतंच. संध्याकाळ झालीय आणि मला कुठेतरी जायचंय, माझं काहीतरी काम आहे, असं ते सांगत होते. त्याला "तुम्ही रिटायर झालात" हे उत्तर खरं असलं तरी त्या प्रश्नाचं नाही. शेवटी मुलाने स्वतःपुरता मार्ग काढला. तो वीकली ऑफ म्हणत नाही, तो विचारतो, "बाबा, रात्रपाळीला पंप बंद पडला तर तुम्ही आधी काय बघायचात?" आणि काका सांगत बसतात, वीस मिनिटं, बरोब्बर.

बाकी बदल साधे होते पण त्यांचाच उपयोग जास्त झाला. पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावायचे, कारण सावल्या पडल्या की गोंधळ वाढतो. साडेपाचला पिशवी घेऊनच बाहेर एक चक्कर, परत आलं की "ड्युटी झाली". दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. कानाचं मशीन सकाळी दात घासल्यावर लगेच. आणि एक डबाभर मिसळलेले नटबोल्ट, जोड्या लावायला, जे नातू रात्री गुपचूप परत मिसळून ठेवायचा. दाराला कडी नाही घातली, घंटी लावली, आणि काकांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. ड्युटी बंद नाही झाली, आठवड्यात सातऐवजी दोनदा व्हायला लागली.

चार दिवसांत सगळं बदललं

निदानाला दोन वर्षं होत आली होती. एका आठवड्यात काकांचं एकदम बिघडलं. दिवसा झोपून, रात्री जागे, भिंतीवर किडे दिसतायत म्हणून हाताने झटकणार, चादर ओढणार, काकूंना ओळखेनात, नातवाला ढकललं. मुलाने गुगलवर वाचलं आणि ठरवलं की शेवटची स्टेज आली. त्याने मला फोन केला तो वृद्धाश्रमाची यादी मागायला.

मी विचारलं, कधीपासून? "असंच हळूहळू, आजारच आहे ना." मुलगी फोनवर जोडलेली होती, ती म्हणाली, हळूहळू नाही, गेल्या रविवारी बाबा माझ्याशी नीट बोललेत. मग काकूंची वही काढली. काकू औषधांच्या वेळा लिहायच्या, त्यात सापडलं: सोमवारपासून सर्दीची गोळी, घरातलीच, दिवसातून तीनदा. गुरुवारपासून बिघाड.

त्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं. डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलीन (पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) टिकवायला बघतं आणि ही गोळी त्याच ॲसिटिलकोलीनचं काम अडवते, म्हणजे एका हाताने नळ सोडायचा आणि दुसऱ्या हाताने आवळायचा. शिवाय वयामुळे प्रोस्टेट वाढलेलं, त्यात या गोळीने लघवी तुंबते. काकांची तुंबली होती, इन्फेक्शन झालं होतं, पण दुखतंय हे त्यांना सांगता येत नव्हतं, ते फक्त चादर ओढत होते. अशा अचानक आलेल्या गोंधळाला डेलिरियम म्हणतात, आणि अल्झायमर असलेल्या माणसाला तो पटकन होतो. अल्झायमर स्वतः असा चार दिवसांत पायरी उतरत नाही. तास-दिवसांत काही बदललं तर ती इमर्जन्सी समजून डॉक्टरकडे जायचं, स्टेज-बिज नंतर.

हॉस्पिटलात आणखी एक निर्णय आला. काका नळी उपटत होते, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी शांत करायचं, अँटिसायकोटिक (भास आणि उग्रपणा आवरणाऱ्या) गटातलं इंजेक्शन सुचवलं. अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच तशी ठळक सूचना दिलीय. मुलीने हे विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत, म्हणाले आज रात्री घरचं माणूस जवळ बसणार असेल तर बघू. सून आणि मुलगा आळीपाळीने बसले, कानाचं मशीन घातलं, चष्मा घातला, दिवा चालू ठेवला. पहिली रात्र निभावली. दुसऱ्या रात्री अगदी कमी डोस द्यावा लागला, एकदाच. कधी कधी लागतं, त्यात हरलो असं काही नाही.

सर्दीची गोळी बंद, इन्फेक्शनवर उपचार, आणि तीनेक आठवड्यांत काका बरेचसे परत आले. पूर्ण नाही आले. नटबोल्टच्या जोड्या त्यानंतर जमल्या नाहीत. फ्रिजवर आता कागद लावलाय: कुठलंही नवीन औषध, दुकानातून आणलेलं साधं सुद्धा, विचारल्याशिवाय द्यायचं नाही. हा कागद निदानाच्या दिवशीच लागायला हवा होता आणि ते सांगणं माझंही काम होतं. मी सांगितलं नव्हतं.

काकूंची सुट्टी

हॉस्पिटलातून आल्यावर काकूंचं वजन सात किलो उतरलंय हे सुनेला दिसलं. रात्री झोप नाही, स्वतःची शुगर वर्षभर तपासलेली नाही, आणि मदत म्हटलं की "मला काय झालंय". ब्युरोमार्फत अटेंडंट आणला, काकांनी दोन दिवसांत हाकलला, हा कोण माझ्या घरात. दुसरा आठवडाभर टिकला. तिसऱ्याला मुलाने आणलं तेव्हा ओळख वेगळी करून दिली: "बाबा, हा नवीन शिकाऊ आहे, तुमच्या हाताखाली." काकांनी त्याला पाने दाखवले. तो पोरगा अजून आहे, काकांना साहेब म्हणतो, अंघोळ घालायचं काम तोच करतो, आणि अंघोळीचं भांडण पण त्याच्यामुळेच कमी झालं, बायकोसमोर कपडे काढायची सक्ती काकांना जास्त झोंबत होती असं आता वाटतं. मुलाने खोटं बोलायला शेवटी मान्य केलं, हे लिहू का म्हणून त्याला विचारलं, हसला.

गुरुवार काकूंचा. त्या दिवशी त्या घरात नसतात. सुरुवातीला दोन गुरुवार त्या बाहेर जाऊन दर तासाला फोन करत होत्या.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठं म्हणजे ती पहिली दोन वर्षं. लवकर गेलो असतो तर आजार थांबला असता असं नाही, पण काकांना स्वतःच्या बाबतीत ठरवायला जास्त वेळ मिळाला असता, नव्या औषधाचा विचार तरी करता आला असता (ते ठिपके तेव्हा किती होते कुणास ठाऊक), आणि काकूंनी एकटीने झाकत बसायची वेळ आली नसती. नातवाला उशिरा सांगितलं हेही चुकलं. आजोबांनी ढकललं त्या दिवशी पोराला वाटलं त्याचंच काहीतरी चुकलं, आणि पुढे महिनाभर तो त्यांच्या खोलीत गेला नाही.

आत्ताची स्थिती

निदानाला साडेतीन वर्षं झाली. मेमँटीन हे दुसरं औषध सुरू आहे. मुलाचं नाव आठवत नाही पण तो आला की सरकून जागा करून देतात. ड्युटी आपोआप थांबली, आणि गंमत म्हणजे त्याचंच मुलाला वाईट वाटतं.

आता गिळताना ठसका लागायला लागलाय, आणि काकांनी सांगितलेल्या नळीच्या गोष्टीवर घरात परत बोलणं सुरू झालंय. मुलीने लिहून घेतलेला कागद तिच्याकडे आहे. मुलगा म्हणतो तेव्हाचे बाबा वेगळे होते, आत्ताचे बाबा अजून नातवाला बघून हसतात. काकू दोघांचं ऐकतात, काही बोलत नाहीत. पुढच्या महिन्यात चौघं मिळून डॉक्टरांसमोर बसणार आहेत, काकूंनी बरोबर ती वही घ्यायला सांगितलीय.